आवराआवरीचें नवें शास्त्र

गृहव्यवस्थेवरील पुस्तकांस वाङ्मयाच्या पंक्तीला बसविण्याची चाल आपल्याकडे फारशी नाहीं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणीमित्र' १९१० सालीं निघालें आणि पुढें पिढ्यान्‌पिढ्या तें मराठी स्वयंपाकघरांत नांदलें. पण टीकाकारांच्या मेजावर असलीं पुस्तकें क्वचितच येतात. त्यांत भाषेचें लालित्य नसतें, पात्रें नसतात, रस नसतो. मग त्यांची परीक्षा ती काय करावयाची, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आम्हांस ती बरोबर वाटत नाहीं. जें पुस्तक वाचून लक्षावधि माणसें आपलीं कपाटें उघडतात आणि आपल्या वस्तूंशीं निराळ्या तऱ्हेनें वागूं लागतात, तें पुस्तक मनुष्याच्या आयुष्यांत कादंबरीइतकेंच खोल शिरलेलें असतें. त्यांत सांगितलेला धर्म खरा कीं खोटा, हें पाहणें टीकाकाराचेंच काम आहे.

मारी कोंडो या जपानी बाईंचें घर आवरण्याच्या विद्येवरील पुस्तक या जातीचें आहे. तें मूळ जपानींत २०११ च्या आरंभास वाचकांपुढें आलें, २०१४ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर झालें, आणि २०१९ च्या जानेवारींत त्याच पद्धतीवरील चित्रमालिका घरोघरच्या पडद्यांवर दिसूं लागली. हल्लीं पुण्या-मुंबईंत व नाशकांत दिवाळीच्या आधीं घर झाडतांना, जिच्यापासून आनंद होत नाहीं ती वस्तु घरांत ठेवूं नये, हें सूत्र ज्यांनीं पुस्तक हातांतहि धरलेलें नाहीं त्यांच्या तोंडीं ऐकूं येतें. सूत्र इतकें पसरलें म्हणजे त्याचा विचार करावयास उशीर करून चालत नाहीं.

पूर्वपक्ष प्रथम न्यायानें मांडूं. लेखिकेचें म्हणणें असें, कीं पसारा खोलीवार आवरूं नये, प्रकारवार आवरावा. प्रथम कपडे, मग पुस्तकें, मग कागदपत्र, मग किरकोळ जिनसा, आणि सर्वांच्या शेवटीं आठवणीच्या वस्तू. एका प्रकारच्या घरांतील सर्व वस्तू एके जागीं आणून त्यांचा जमिनीवर ढीग करावा. एकेक वस्तु हातांत घ्यावी. तिच्या स्पर्शानें मनांत आनंद स्फुरतो कीं नाहीं तें पाहावें. स्फुरला तर ठेवावी. न स्फुरला तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यावा. राहिलेल्या प्रत्येक वस्तूस कायमची जागा नेमून द्यावी.

या पद्धतींत गुण आहेत आणि ते लहान नाहींत. ढीग करण्याची युक्ति तर फारच मार्मिक आहे. चार कपाटांत, दोन पेट्यांत आणि एका खुंटीवर वांटलेले सदरे मनुष्यास थोडेच वाटतात; तेच एके ठिकाणीं रचले म्हणजे आपण किती जमविलें आहे याची त्यास लाज वाटते. आठवणीच्या वस्तू शेवटास ठेवण्यांतहि मनुष्यस्वभावाची चांगली पारख आहे. कारण पत्रें व छायाचित्रें आधीं हातीं घेतलीं तर दिवस वाचण्यांत जातो आणि पसारा जागच्या जागीं राहतो. तिसरा गुण असा, कीं प्रत्येकानें आपल्याच वस्तूंना हात घालावा, दुसऱ्याच्या वस्तूंवर आपलें वैराग्य चालवूं नये, अशी लेखिकेची ताकीद आहे. ज्यांनीं 'स्मृतिचित्रें' वाचलीं आहेत त्यांस या ताकिदीचें महत्त्व निराळें सांगावयास नको. रेव्हरंड टिळकांचें औदार्य थोर होतें. पण त्या औदार्याचा भार संसार चालविणाऱ्या लक्ष्मीबाईंवर किती पडे, हें १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या त्या ग्रंथांत हंसतमुखानें सांगितलेलें आहे.

आतां दोष. पहिला दोष कसोटीचा आहे. आनंद स्फुरतो कीं नाहीं, ही परीक्षा वस्तूची नसून मालकाच्या मनाची आहे. ज्या सदऱ्याची शिवण धड आहे, कापड मजबूत आहे, जो अजून पांच वर्षें अंग झांकील, तो या परीक्षेंत नापास होतो. कां, तर मालकाचें मन त्यावरून उडालें. उपयोगाच्या वस्तूंचाहि एक प्रकारें आनंदच असतो, असें म्हणून लेखिका उलथणें आणि खिळेमोळे यांची सोय लावते. पण त्यामुळें कसोटी सुधारत नाहीं, फक्त सैल होते. ज्या मनास आज कंटाळा आला तेंच मन उद्यां नव्या वस्तूची इच्छा करणार, आणि या पुस्तकांत मनाला त्याच्या कंटाळ्याबद्दल जाब विचारलेला नाहीं. लेखिकेच्याच नांवानें चालणाऱ्या मंडळीनें २०१९ सालीं निवडक वस्तूंच्या विक्रीचें दुकान उघडलें, ही गोष्ट आम्ही दोष म्हणून सांगत नाहीं. सिद्धांताचा तो स्वाभाविक परिणाम आहे, एवढेंच म्हणतों.

दुसरा दोष आभारप्रदर्शनाचा आहे, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. वस्तूंविषयीं कृतज्ञता हा जपानांतील जुना संस्कार आहे. तेथें 'हारी-कुयो' नांवाचा विधि आहे: वर्षभर शिवतांना मोडलेल्या व झिजलेल्या सुया देवळांत नेऊन मऊ 'तोफू'मध्यें टोंचतात आणि त्यांच्या सेवेबद्दल त्यांस वंदन करितात. आपल्याकडे खंडेनवमीस हत्यारांची पूजा होते आणि लक्ष्मीपूजनास केरसुणीला हळदकुंकू वाहतात, त्याच कुळांतील ही भावना आहे. परंतु सुईचे आभार केव्हां मानावयाचे, तर ती मोडेपर्यंत वापरून झाल्यावर. कोंडोबाईंनीं हा विधि वस्तूच्या आयुष्याच्या शेवटावरून उचलून मालकाच्या हौसेच्या शेवटावर आणून ठेवला. न वापरलेल्या वस्त्राचे आभार मानून तें टाकून देणें ही कृतज्ञता असेल तर कृतघ्नता कशास म्हणावयाचें? वस्तु वायां जाण्याची जी हळहळ, तिला जपानी भाषेंत 'मोत्ताइनाइ' असा स्वतंत्र शब्द आहे. केनियाच्या वांगारी माथाई यांनीं २००५ सालीं जपानांत तो ऐकला आणि पुढें जगभर सांगितला. ज्या भाषेनें हा शब्द दिला तिच्यांतील सर्वांत खपाच्या गृहग्रंथांत ही हळहळ इतकी थोडी असावी, याचें आश्चर्य वाटतें.

तिसरा दोष मुख्य आहे आणि त्याच्यासाठींच हा लेख. घर किती मोकळें झालें हें पुस्तकांत वारंवार कचऱ्याच्या पिशव्यांच्या संख्येनें मोजलें आहे. पिशवी दाराबाहेर गेली कीं लेखिकेचा तिच्याशीं संबंध संपतो. गंमत अशी कीं एके ठिकाणीं ती सत्याच्या अगदीं जवळ येते. नको असलेल्या वस्तू आईबापांच्या घरीं नेऊन ठेवूं नका, धाकट्या बहिणीच्या गळ्यांत मारूं नका, कारण आपल्यास जें नको झालें तें त्यांसहि बहुधा नकोच असतें, असा तिचा उपदेश आहे. उपदेश शंभर नंबरी आहे. पण बहिणीबद्दल जो विचार केला तो जगांतील इतर माणसांबद्दल कां करूं नये? पिशवी ज्याच्या दारीं जाऊन पडते तो आपला कोणी लागत नाहीं, म्हणून त्याची गरज आपोआप आपल्या अडगळीएवढी होते काय?

पिशव्या कोठें जातात तें आतां सर्वांस ठाऊक आहे. ऑस्ट्रेलियांतील धर्मादाय दुकानांस आलेल्या दानांतील निरुपयोगी भाग पुरून टाकण्यासाठीं पदरचे पैसे खर्चावे लागतात. युरोप-अमेरिकेंतील उतरलेले कपडे गठ्ठे बांधून घाना देशांतील आक्रा शहरीं कांतामांतोच्या बाजारांत येतात; तेथील लोकांनीं या कपड्यांस दिलेल्या नांवाचा अर्थ 'मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे' असा आहे. जिवंत मनुष्य इतकें धड वस्त्र टाकून देईल हें प्रथम त्यांस खरेंच वाटलें नाहीं, असें या नांवाचें मूळ सांगतात. आज त्या गठ्ठ्यांतील बराच भाग विकत नाहीं आणि गटारांत व समुद्रकांठीं जातो. हें दूरचें झालें. परंतु आक्र्याची वाट जशी लंडनच्या कपाटांतून निघते, तशीच एक लहान वाट नाशकाच्या कपाटांतून निघते आणि सह्याद्रीच्या अंगाला हरसुलाकडे जाते.

हरसूल हें गांव नाशिकच्या पश्चिमेस, त्र्यंबकेश्वर तालुक्यांत, गुजरातच्या हद्दीजवळच्या डोंगराळ पट्ट्यांत आहे. आठवड्याच्या बाजाराचें हें गांव. भोंवतीं कोकणा, वारली, महादेव कोळी या लोकांचे पाडे. भात, नागली, वरई हीं पिकें; पावसाळा मोठा, तरी उन्हाळ्यांत पाण्याची ओढ. शेताचें काम सरलें म्हणजे पुष्कळ कुटुंबें द्राक्षबागांत किंवा बांधकामांवर मजुरीस बाहेर पडतात. दिवाळीच्या सुमारास शहरांतील मंडळी मोटारी भरून या पट्ट्यांतील पाड्यांवर येतात आणि फराळाबरोबर जुन्या कपड्यांचीं गाठोडीं वांटतात. हेतु चांगला असतो, आणि त्यांतील कांहीं वस्तू खरोखर कामास येतात. डोंगरावरील थंडींत लोंकरीचा सदरा कोणासहि हवाच. पण गाठोड्यांत लोंकरीबरोबर लग्नांत एकदांच नेसलेली जरीची साडी असते, बटणें तुटलेला सदरा असतो, गळपट्टी असते, एका पायाचा बूट असतो, न धुतलेली चादर असते. जेथें चैत्र-वैशाखांत बायका दुरून डोक्यावर पाणी आणतात तेथें दुसऱ्याची मळकी चादर म्हणजे दोन घागरींचा खर्च आहे. जें वापरतां येत नाहीं तें राहतें कोठें? पाड्यापाड्यावर शहरासारखी रोजची घंटागाडी फिरत नाहीं. तें ओहोळांत जातें किंवा चुलींत जातें, आणि कृत्रिम धाग्याचें कापड चुलींत घातलें म्हणजे घरभर काय धूर होतो हें सांगावयास नको. शहरांतील कपाट मोकळें झालें. कचरा कमी झाला नाहीं, केवळ घांट चढून गेला.

आणि ज्यांस आपण वस्तु जपावयास शिकवूं जातों त्यांस ती विद्या नवी नाहीं. याच डोंगराळ पट्ट्यांत बोहाड्याचा उत्सव होतो. त्यांतील देवदैत्यांचे लांकडी व कागदाच्या लगद्याचे मुखवटे वर्षभर घरांत जपून ठेवितात, नवा रंग देऊन पुनः बाहेर काढतात. आणि अमुक सोंग अमुक घराण्यानें नाचवावयाचें, असा मान ठरलेला असतो. तो मुखवटा मालकास आनंद देतो म्हणून राहत नाहीं. गांवाचें काम त्याच्याकडे आहे म्हणून राहतो. पूर्वीं येथला शेतकरी पावसांत बांबूच्या कामट्या व पानें यांचें इरलें डोक्यावर घेई. तें मोडलें म्हणजे त्याची मातींत माती होई. आज त्याच्या जागीं प्लास्टिकचा कागद आला आहे आणि तो मातींत मिसळत नाहीं. मात्र येथें एक सावधगिरी हवी. कुडाच्या घरांत वस्तु थोड्या असतात, यावरून तेथें अपरिग्रहाचें व्रत चालू आहे असें समजून शहरवासीयांनीं गहिंवरून जाऊं नये. दारिद्र्य हा अपरिग्रह नव्हे. ज्यास घेणें शक्य आहे आणि जो घेत नाहीं, त्याच्याच न घेण्यास व्रत म्हणतां येतें.

उतरलेलें वस्त्र देण्याला आपल्या देशांत एक इतिहासहि आहे, आणि तो विसरून या विषयावर लिहितां येत नाहीं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत, सेवा करणाऱ्या शूद्रास उष्टें अन्न, जीर्ण वस्त्रें, धान्याचा कोंडा आणि घरांतील जुनें सामान द्यावें, असें सांगितलें आहे. म्हणजे वरच्यांची अडगळ हा खालच्यांचा वांटा, ही व्यवस्था एके काळीं धर्म म्हणून लिहिली गेली होती. २५ डिसेंबर १९२७ रोजीं महाडास त्या ग्रंथाचें दहन झालें, आणि त्याच परिषदेंत डॉ. आंबेडकरांनीं जमलेल्या स्त्रियांस पोशाखाच्या स्वच्छतेविषयीं व स्वाभिमानाविषयीं आवर्जून सांगितलें. वस्त्राचा प्रश्न हा मानाचा प्रश्न आहे हें त्यांनीं ओळखलें होतें. ज्यास घेण्यावांचून गत्यंतर नाहीं त्यास दिलेलें जुनेर, देणाराचा हेतु कितीहि शुद्ध असो, त्या जुन्या व्यवस्थेच्या वळणावर जातें.

यावरून आम्हांस आनंदाच्या कसोटीहून बरी अशी एक कसोटी सुचते: वस्तु अशाच ठिकाणीं द्यावी, जेथें घेणारास ती नाकारतां येते. या कसोटीवर आपली बोहारीण पुरी उतरते. ती दारांत बसते, प्रत्येक लुगडें उलगडून उजेडाकडे धरते, विरलेलें बाजूस सारते, आणि एका पातेल्यावर आणखी दोन सदरे मागते. घरधनीण चिडते, घासाघीस होते. पण त्या घासाघिशींत वस्तूची खरी किंमत घरमालकास कळते. रद्दीवाला तागडींत तोलतो, भंगारवाला लोखंड आणि पत्रा वेगळा करतो. हे लोक नाकारूं शकतात, म्हणूनच त्यांच्या हातीं गेलेली वस्तु बहुधा कामास लागते. दान पुण्याचें आणि व्यवहार हलका, अशी आपली समजूत आहे. जुन्या वस्तूंपुरता तरी व्यवहार दानाहून अधिक सभ्य आहे, असें आमचें मत आहे.

घरांतल्या घरांतहि आपल्याकडे वस्तूस उतरत्या पायऱ्या होत्या. लुगडें जुनें झालें कीं त्याची गोधडी होई. मऊ पडलेला पदर तान्ह्या मुलाच्या दुपट्यास जाई. गोधडी विरली म्हणजे तिचीं पोतेरीं होत, आणि शेवटीं पोतेरें उकिरड्यावर जाऊन खत होई. तथापि हें सांगतांना गेल्या काळाची आरती ओंवाळण्याची आमची इच्छा नाहीं. ही साखळी काटकसरीनें जितकी चाले तितकीच सुती धाग्याच्या बळावर चाले. आजची कृत्रिम धाग्याची साडी पाणी शोषत नाहीं, म्हणून तिचें पोतेरें होत नाहीं. ती कुजत नाहीं, म्हणून तिचें खत होत नाहीं. तेव्हां आजीच्या रीतीचें स्मरण करून भागणार नाहीं. कापड दुकानांत हातीं घेतांनाच त्याचा शेवट काय, हें विचारावें लागेल. शिवाय आपल्या जुन्या घरांत माळ्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचें जें साठत गेलें तें सगळेंच कांहीं काटकसरीचें फळ नव्हतें. बरेचसें निर्णय न करण्याच्या आळसाचें फळ होतें. भालचंद्र नेमाडे यांनीं आपल्या 'हिंदू' (२०१०) या कादंबरीस 'जगण्याची समृद्ध अडगळ' असें उपनांव दिलें. संस्कृतीची अडगळ समृद्ध असेलहि. पण गंजलेला डबा अडगळींत ठेवला म्हणून तो समृद्ध होत नाहीं.

या विषयावर याहून विचारी असें एक लहान पुस्तक स्वीडनच्या मार्गारेता माग्नुसन या चित्रकर्त्रीनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलें. मरणापूर्वीं आपलें घर आपण आवरून जावें, मागें राहणाऱ्यांवर तो भार टाकूं नये, हा त्याचा विषय. कोंडोबाई विचारतात, ही वस्तु मला काय देते? माग्नुसनबाई विचारतात, माझ्यामागें ही वस्तु कोणास छळील? एवढ्या एका फरकानें सगळें पुस्तक निराळें झालें आहे. कोणाकडे जेवावयास गेलें तर फुलें नेण्याऐवजीं आपल्याकडील एखादी वस्तु, त्यास आवडत असेल तर, न्यावी, असें ती सुचविते. तेथें देणारा व घेणारा एकमेकांस ओळखतात, बरोबरीचे असतात, आणि नको म्हणावयास वाव असतो. आमच्या मतें या प्रकारच्या वाङ्मयांत हें पुस्तक वरच्या पायरीचें आहे, जरी त्याचा खप आणि गाजावाजा कमी आहे.

आपल्या देशांतहि या दिशेनें विचारी काम झालें आहे. १९९९ सालीं अंशु गुप्ता यांनीं दिल्लींत स्थापिलेली 'गूंज' संस्था शहरांतील कपडे गोळा करिते, ते निवडते, गरजेप्रमाणें दुरुस्त करिते, आणि गांवकऱ्यांनीं स्वतः ठरविलेलें विहिरीचें किंवा रस्त्याचें काम केल्यावर त्याचा मोबदला म्हणून देते. नेसण्यास अयोग्य अशा सुती कापडाच्या स्त्रियांच्या मासिक उपयोगासाठीं घड्या होतात. २०१५ सालीं गुप्ता यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. कामाचा मोबदला रोकड न देतां कापडांत कां, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो प्रश्न गैर नाहीं. परंतु घेणारास भिकारी न समजण्याचा येथें जो आग्रह आहे, आणि गाठोडें निघण्यापूर्वींच निवडण्याचे जे श्रम आहेत, त्यांपासून दिवाळींत मोटार भरणाऱ्यांनीं पुष्कळ शिकण्यासारखें आहे.

तात्पर्य, मारी कोंडो यांचें पुस्तक निर्बुद्ध नाहीं. तें अर्धें आहे. घरांत काय ठेवावें हें त्यांत सांगितलें आहे. बाहेर काढलेल्याचें काय करावें, हा प्रश्न तें उंबऱ्यावरच सोडून देतें. ज्यांस हें पुस्तक वापरावयाचें असेल त्यांनीं ढिगाची युक्ति अवश्य घ्यावी, मात्र तिच्या पुढें आणखी एक प्रकरण स्वतःच्या हातानें जोडावें. प्रत्येक वस्तूस निरोप देण्यापूर्वीं ती कोणाच्या घरीं, कोणत्या कामास जाणार, हें नांवानिशीं ठरवावें. घेणारास आधीं विचारावें. द्यावयाचें तें धुऊन, शिवून, जोडी लावून द्यावें. जें कोणीच घेत नाहीं तें आपलाच कचरा आहे हें कबूल करून ओला, सुका, धोक्याचा असा वेगळा करून आपल्याच शहराच्या गाडींत टाकावें. डोंगरावर पाठवूं नये. तो ढीग पाहून जी लाज वाटेल ती सोसावी, कारण पुढच्या खरेदीच्या वेळीं तीच हात आवरील. हरसूलच्या पाड्यावरील कुटुंब आपली धाकटी बहीण आहे असें समजून गाठोडें बांधावें, म्हणजे त्यांतील निम्म्या वस्तु आपण होऊन बाहेर येतील. पुस्तकाच्या छपाईची व बांधणीची नीटनेटकेपणाबद्दल तारीफ करून, हें राहिलेलें प्रकरण आम्ही वाचकांच्या स्वाधीन करितों.